बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी

शनिवार उजाडला की दांडेली, गणेशगुडी, कॅसलरॉकच्या रस्त्यांवर पुण्याच्या, गोव्याच्या, हुबळी-बेळगावच्या गाड्या दिसू लागतात. काळी नदीत राफ्टिंग, रानात मुक्काम, मोबाइलला रेंज नाही, म्हणजे अगदी स्वर्गच. सोमवारी ही मंडळी परत ऑफिसात असतात आणि मंगळवारी त्यांची चिडचिड जिथल्या तिथे.

जोयडा तालुक्यातल्या बाजारकुणंगसारख्या गावात राहणाऱ्याला हे ऐकून हसू येईल. कर्नाटकातल्या सर्वांत विरळ वस्तीच्या तालुक्यांपैकी हा एक. झाडं, पाऊस आणि सामसूम इथे कुणाला विकत घ्यावी लागत नाही. पण रेंज नाही म्हणजे दुखणं आलं तर गाडी बोलवायची कशी, ही काळजी. कापणीला आलेल्या भातात गवे आणि रानडुकरं. मुलगा गोव्याला कामाला गेलेला, त्याचा फोन लागत नाही. तालुक्याचं जुनं ठाणं सुपा धरणाच्या पाण्याखाली गेलं आणि तिथली माणसं रामनगरात नव्यानं वसली, हे सांगणारे लोक अजून आहेत. रान शांत असलं म्हणून त्यात राहणाऱ्याचं मन शांत असतंच असं नाही.

मग समाधान आणायचं कुठून? याचं ख्रिस्ती उत्तर या मुलखाला परकं नाही. अनमोड घाट उतरला की गोवा. शेजारच्या हल्याळ तालुक्यात ख्रिस्ती सिद्दी कुटुंबं आहेत. सगळा उत्तर कन्नड जिल्हा 1976 पासून कारवार धर्मप्रांतात मोडतो. बेळगावात 1831 साली जन्मलेले बाबा पदमनजी तिथेच 1854 मध्ये ख्रिस्ती झाले आणि पुढे ‘यमुनापर्यटन’ लिहून मराठी कादंबरीच्या आरंभाशी जाऊन बसले. श्रद्धा कशी येते हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण श्रद्धा असूनही ज्यांना समाधान सापडत नाही, रविवारी चर्चमधून येतात आणि संध्याकाळी पुन्हा तीच तगमग, अशा वाचकांनी मराठी ख्रिस्ती माणसांची चरित्रं एकदा नीट पाहावीत. त्यांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते: शांती बाप्तिस्म्याच्या पाण्याबरोबर अंगावर ओतली गेली नाही. ती उशिरा आली, आणि रोजच्या साध्या सवयींतून, माणसांच्या रगाड्यातून आली.

पंडिता रमाबाईंचं उदाहरण यात सर्वांत बोलकं. त्यांचा जन्म 23 एप्रिल 1858 चा, जोयड्याच्याच सह्याद्रीत पण बरंच दक्षिणेला, तुंगा-भद्रेच्या उगमाजवळच्या गंगामूळ इथल्या रानातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी तिथे आश्रम थाटला होता. रानातल्या त्या निवांतपणानं कुटुंबाला काही वाचवलं नाही. रमाबाई सहा महिन्यांच्या असताना सगळे तीर्थयात्रेला निघाले, वर्षानुवर्षं पुराणं सांगत फिरले, आणि 1870 च्या दशकातल्या दुष्काळात आई, वडील आणि मोठी बहीण गेली. 1880 मध्ये भाऊ गेला. 1882 च्या सुरुवातीला पती बिपिनबिहारी मेधावी पटकीनं गेले. वयाची चोवीस वर्षं पुरी होण्याआधी रमाबाईंजवळ उरली ती तान्ही मुलगी मनोरमा आणि प्रचंड विद्वत्ता.

1883 च्या सप्टेंबरात इंग्लंडमधल्या वाँटेज इथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. एवढ्यावर गोष्ट संपायला हवी होती. संपली नाही. 1907 मध्ये आपल्या श्रद्धेविषयी लिहिताना त्यांनी मोकळेपणानं सांगून टाकलं की ख्रिस्ती धर्म आपल्याला पटला होता, मिळाला होता, पण खुद्द ख्रिस्त काही भेटला नव्हता. हे लक्षात यायलाही त्यांना बाप्तिस्म्यानंतर आठेक वर्षं लागली. एवढ्या अभ्यासू बाईला, संस्कृत मुखोद्गत असणाऱ्या पंडितेला, आठ वर्षं! मधल्या काळात त्या अमेरिकेत व्याख्यानं देऊन आल्या, 1889 मध्ये मुंबईत विधवा आणि मुलींसाठी शारदा सदन काढलं, ते पुण्याला नेलं. काम डोंगराएवढं चाललं होतं, आत मात्र ओझं तसंच. आपण पुरेशा चांगल्या नाही ही टोचणी त्यांना सोडत नव्हती. ती सुटली ती स्वतःला चांगलं सिद्ध करायचा खटाटोप थांबवून, आहोत तशाच देवापुढे उभं राहिल्यावर, असं त्यांच्या निवेदनाचं सार आहे.

यातून वाचकानं पहिली गोष्ट उचलावी ती ही की घाई करू नये. प्रार्थना सुरू केली आणि महिनाभरात मन शांत झालं नाही, म्हणून आपली श्रद्धा खोटी, असा निष्कर्ष काढणारे पुष्कळ असतात. रोप रोज उपटून मूळ धरलंय का ते पाहणाऱ्या शेतकऱ्याचं जे होईल तेच त्यांचं होतं. आपल्याला आज कसं वाटतंय याची रोज नोंद घेणं थांबवावं. दोन-तीन महिन्यांनी एकदा मागे वळून बघावं, तेही भावनेकडे नव्हे, वागण्याकडे: पूर्वी ज्या गोष्टीवरून घरात भांडं आपटायचं, त्यावरून आता आपटतं का?

दुसरं म्हणजे शांती मिळाल्यावर रमाबाई स्वस्थ बसल्या नाहीत. 1893 मध्ये शारदा सदनावर धर्मांतराचा आरोप होऊन पुण्यात वादळ उठलं, सल्लागार मंडळातले मोठमोठे लोक बाजूला झाले, पालकांनी अनेक मुली काढून नेल्या. 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुली घेऊन केडगावला आल्या. 1900 च्या दुष्काळानंतर केडगावच्या मुक्ती सदनात जवळजवळ दोन हजार जीव होते. विहिरी, शेती, विणकाम, तेलघाणा, छापखाना. अंध मुलींची वेगळी सोय. त्यांनी स्वतः हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं सोप्या मराठीत भाषांतर केलं. 1921 मध्ये मनोरमा वारली आणि नऊ महिन्यांत, 5 एप्रिल 1922 ला, रमाबाईही गेल्या. भाषांतर 1924 मध्ये बाहेर आलं. हे आयुष्य सुखाचं होतं असं कुणी म्हणणार नाही. पण दुष्काळानं आपली माणसं गिळलेली बाई पुढच्या दुष्काळात दुसऱ्यांच्या मुली वाचवायला निघते, तेव्हा तिच्या आत काहीतरी जागेवर बसलेलं असतं.

नव्या करारात पौलानं फिलिप्पैकरांना लिहिलेलं पत्र आहे, अवघ्या चार अध्यायांचं. पोटभर असताना आणि उपाशी असतानाही समाधानी कसं राहायचं हे आपण शिकलो, असं तो त्यात सांगतो. हे पत्र त्यानं कैदेतून लिहिलंय, हे कळलं की त्याच ओळी वेगळ्या वाटू लागतात. ख्रिस्ती परंपरेत समाधान हा शिकायचा विषय आहे, आणि शिकायचं म्हटलं की गिरवणं आलंच.

आता घराकडे येऊ, कारण निम्मी अशांती तिथेच असते.

कवी नारायण वामन टिळक 1893 च्या सुमारास नागपूरहून राजनांदगावला आगगाडीनं चालले होते. डब्यातल्या एका गोऱ्या प्रवाशाशी कवितेवर गप्पा झाल्या, उतरताना त्यानं त्यांच्या हाती बायबल ठेवलं आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असं भाकीत केलं. टिळकांना हसू आलं, पण वाचायचा शब्द दिलेला. सुरुवातीची पानं त्यांना मुळीच रुचली नाहीत. मत्तयच्या शुभवर्तमानातल्या डोंगरावरील प्रवचनाशी पोचले आणि तिथून त्यांना उठवेना. फेब्रुवारी 1895 मध्ये मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

त्यांच्या मनाला शांती मिळाली असेल, पण घर मोडलं. पत्नी लक्ष्मीबाई चार-पाच वर्षं त्यांच्यापासून वेगळ्या राहिल्या. नवरा जिवंत असून नसल्यासारखा, नातेवाइकांच्या आधारानं दिवस काढायचे. पुढे त्या टिळकांकडे आल्या त्याही आपलं सोवळं घेऊनच. टिळकांनी त्यांच्यावर धर्म लादला नाही, त्यांना त्यांच्या पद्धतीनं राहू दिलं. जातिभेद देवानं केला की माणसानं, या प्रश्नाचा उलगडा लक्ष्मीबाईंनी स्वतःच्या डोक्यानं केला आणि मगच, 1900 मध्ये, बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रातला हा भाग वाचताना हसता हसता डोळे भरतात.

ज्या घरात एकाची श्रद्धा आहे आणि बाकीच्यांची नाही, किंवा नवऱ्याची कॅथलिक मिस्सा आणि बायकोची प्रोटेस्टंट प्रार्थनासभा अशी ओढाताण आहे, त्या घरानं या जोडप्याकडून धडा घ्यावा. आपल्याला सापडलेली शांती दुसऱ्यानं लगेच उचलावी हा हट्ट धरला की ती पहिल्यांदा आपल्याच हातून निसटते. सासू देवघरात दिवा लावते तर लावू द्यावा. सुनेला गुडघे टेकून प्रार्थना करायची तर तिला कोपरा द्यावा. जेवताना वाद घालू नये. टिळकांना जे साधलं त्याला वर्षं लागली, आणि एका बाईनं त्याची फार मोठी किंमत मोजली, हेही विसरू नये.

टिळकांच्या संसाराचं आणखी एक अंग समाधानाच्या विषयात महत्त्वाचं आहे, आणि ते जरा अडचणीचं आहे. ते दिलदार होते, हातात पैसा टिकत नसे. कुणीही गरजू, विद्यार्थी, पोरकं मूल घरात यायचं. बालकवी ठोमरे नगरला त्यांच्याच घरात राहिले. पैशाची चिंता करू नका हे डोंगरावरचं प्रवचन टिळकांनी अक्षरशः घेतलं. चूल पेटवण्याची चिंता मग लक्ष्मीबाईंकडे गेली. आकाशातल्या पाखरांकडे बघा असं येशू म्हणाला तो उद्याच्या काळजीनं आज पोखरू नये म्हणून. घरच्या हिशेबाची वही फेकून द्या असं त्यानं कुठे म्हटलेलं नाही. कर्ज असेल तर ते किती, कुणाचं, व्याज किती, हे कागदावर उतरवणं ही प्रार्थनेइतकीच आध्यात्मिक गोष्ट आहे, असं म्हणायला हरकत नाही. काळजी आकडा लपवल्यानं वाढते. बचत गटाच्या बैठकीला जाणारी बाई आणि माळ ओढणारी बाई एकच असू शकते, असावी.

वाचनाबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण इथे बरेच जण वाट चुकतात. बायबल उघडतात, पहिल्या पानापासून सुरुवात करतात, लेवीय पुस्तकातल्या बळींच्या नियमांशी येऊन दमतात आणि पुस्तक पुन्हा कपाटात. टिळकांनाही सुरुवात जडच गेली होती. त्यापेक्षा मार्कच्या शुभवर्तमानापासून आरंभ करावा. सोळाच अध्याय आहेत, पावसाळ्याच्या एका दुपारी वाचून होतं. मग मत्तय 5 ते 7, म्हणजे डोंगरावरील प्रवचन. मग फिलिप्पैकरांस पत्र. रोज थोडं, मोठ्यानं.

मोठ्यानं वाचायची परंपरा तर या सीमेवर चारशे वर्षांची आहे. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट 1579 मध्ये गोव्यात उतरला. त्याच्या ‘ख्रिस्तपुराणा’त प्रसंग येतो: चर्चमध्ये धर्मशिक्षण चालू असताना एक नवख्रिस्ती ब्राह्मण उठतो आणि म्हणतो की आमची जुनी पुराणं बंद केलीत, तर त्यांच्या जागी आमच्या भाषेत तसलंच काही द्या. स्टीफन्सनं मराठीत, कोकणीची छटा असलेल्या मराठीत, सुमारे अकरा हजार ओव्या रचल्या. 1616 मध्ये राशोल इथे ते छापलं गेलं. गोव्यातल्या चर्चांत आणि कानडा किनाऱ्यावरच्या ख्रिस्ती वस्तीत ते वाचलं जाई, हातानं उतरवून घेतलं जाई. कानातून शिरलेलं वचन कामात असताना आठवतं. फोनच्या पडद्यावर सरकवत वाचलेलं तासाभरात विरतं. जोयड्यात घरोघरी कोकणी आणि मराठी कानावर पडते, कचेरीत कन्नड. ज्या भाषेत माणूस रडतो त्या भाषेत त्यानं प्रार्थना करावी. पाद्री काय म्हणतील याची फिकीर करू नये.

रडण्याचा विषय निघालाच आहे तर स्तोत्रसंहितेचं नाव घ्यायला हवं. दीडशे स्तोत्रांपैकी तिसऱ्या हिश्श्याहून जास्त स्तोत्रं गाऱ्हाण्याची आहेत. देवा, कुठे आहेस, किती दिवस वाट पाहायची, असं सरळ विचारणारी. तेरावं स्तोत्र अगदी छोटं, तक्रारीनं सुरू होऊन भरवशावर संपणारं. अठ्ठ्याऐंशीवं मात्र शेवटपर्यंत अंधारातच राहतं, आणि तरीही ते पवित्र ग्रंथात आहे. ‘देवाची इच्छा’ म्हणून दुःख गिळून टाकणं म्हणजे श्रद्धा, असा समज आपल्याकडे घट्ट आहे. ज्याचं पीक गेलं, ज्याचं मूल गेलं, त्यानं आधी ही गाऱ्हाण्याची स्तोत्रं वाचावीत. समाधानाचे उपदेश त्याला कुणी लगेच ऐकवू नयेत.

रात्रीसाठी एक जुनी रीत सांगण्याजोगी आहे. जेझुइट संघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांनी आपल्या साधनेच्या पुस्तकात दिवसाचा आढावा घ्यायला शिकवलं. हे पुस्तक 1548 मध्ये पोपनं मान्य केलं. त्यांचाच सोबती फ्रान्सिस झेवियर त्याआधी 1542 मध्ये गोव्यात येऊन पोचला होता. रीत अशी: निजण्याआधी दहा मिनिटं बसायचं. प्रथम आज काय मिळालं ते आठवून आभार, आणि हे अगदी नेमकं हवं: शेजारणीनं पाठवलेली मासळी, वेळेवर आलेली बस, डॉक्टरनं हसून दिलेलं उत्तर. मग सकाळपासूनचा दिवस मनासमोर फिरवायचा. कुठे मन हलकं झालं? कुठे आपण कुणाला टोचून बोललो? त्याची क्षमा मागायची, उद्याची एखादी गोष्ट देवाकडे सोपवायची आणि निजायचं. वीज गेली असली तरी हे चालतं. ज्याची स्वतःला दोष देण्याचीच सवय आहे, त्यानं आढाव्याचा निम्म्याहून जास्त वेळ आभारालाच द्यावा. नाहीतर ही रीत उलटी फिरते आणि रोज रात्री आपणच आपल्यावर खटला चालवत बसतो.

रविवारची सुट्टी शेतकरी घरात पाळता येत नाही, हे खरं आहे. गुरांना रविवार कळत नाही. पण निदान अर्धा दिवस पैशाचं, कोर्टाचं, जमिनीचं बोलणं बंद ठेवता येतं. एवढं केलं तरी पुष्कळ.

आणि भांडणं? खेड्यातली अशांती बऱ्याचदा बांधावरून, भावाभावांत, आणि हो, चर्चच्या समितीतूनही येते. डोंगरावरील प्रवचनात याला फार रोखठोक उत्तर आहे: वेदीजवळ अर्पण घेऊन आला आहेस आणि भावाचं तुझ्याविरुद्ध काही आहे असं आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. पूजा नंतर. संत जोसेफ वाझ यांची गोष्ट इथे सांगावीशी वाटते. बाणावलीला 1651 मध्ये जन्मलेला हा गोवेकर पाद्री 1681 मध्ये कानडा मिशनवर आला, म्हणजे आपल्या या किनाऱ्यावर. तेव्हा इथले ख्रिस्ती दोन तटांत फाटले होते: पोर्तुगालच्या राजाच्या हक्कातलं पद्रुआदो एका बाजूला, रोमनं नेमलेले बिशप दुसऱ्या बाजूला. कुणाच्या हातचा संस्कार खरा, यावर वाद. वाझ गोव्याच्या बाजूनं पाठवलेले होते, तरी विरुद्ध बाजूच्या बिशपांशी ते आदरानं वागले आणि जमेल तिथे सांधत गेले. भांडण त्यांच्यानं मिटलं असं नाही. ते पुढे शतकभराहून जास्त चाललं. समेटासाठी निघालेल्यानं निकालाची हमी मागू नये. आपण भावाच्या दारात जावं, पाणी मागावं, बोलावं. त्यानं दार लावलं तरी आपल्या रात्रीच्या आढाव्यातला एक काटा कमी होतो.

वाझ पुढे श्रीलंकेत गेले, हेर समजून कँडीत कैद झाले, सुटले आणि बेटभर पायी फिरले. पाद्री वर्षातून एखाद्या वेळीच पोचेल अशा गावांत त्यांनी गावातल्याच माणसांना प्रार्थना चालवायला, मुलांना शिकवायला, आजाऱ्याजवळ बसायला तयार केलं. 2015 च्या जानेवारीत कोलंबोत पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संत घोषित केलं. बाजारकुणंगच्या पंचक्रोशीतल्या विखुरलेल्या वाड्यांसाठी हा धडा सोन्यासारखा आहे. मिस्सा महिन्यातून एकदा मिळत असेल तर मधले रविवार रिकामे सोडण्याचं कारण नाही. तीन-चार घरांनी आळीपाळीनं एकत्र यावं. एक स्तोत्र, शुभवर्तमानातला एक उतारा, थोडं मौन, ज्याला जे सांगायचं ते त्यानं सांगावं, आणि चहा. तासाभरात आटोपावं, कारण लांबलेल्या सभेला पुढच्या वेळी कुणी येत नाही. गाणाऱ्याला पेटी येत असेल तर उत्तम: अहमदनगरच्या कृष्णराव सांगळ्यांनी एकोणिसाव्या शतकात ख्रिस्ती कीर्तन उभं केलं, टिळकांनी भजनांची भर घातली, आणि मराठी मंडळ्यांत ती आजही म्हटली जातात. एकट्यानं केलेल्या साधनेचा मान मोठा, पण एकट्याचं मन आपल्याला फसवतंही लवकर. आपण कुढत चाललो आहोत हे शेजाऱ्याला आपल्याआधी दिसतं.

टिळकांनी तर अखेरीस चौकटच बदलली. 1917 मध्ये मिशनची पगारी नोकरी सोडून ते साताऱ्याला गेले आणि ‘देवाचा दरबार’ काढला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा होती. फार काळ लाभला नाही, 9 मे 1919 ला ते मुंबईत वारले. ‘ख्रिस्तायन’ हे त्यांचं महाकाव्य अपुरं राहिलं. ते पुढे नेलं कुणी, तर लक्ष्मीबाईंनी, ज्या बाप्तिस्म्याच्या बातमीनं उन्मळून पडल्या होत्या त्यांनीच.

आता काही गोष्टी ज्यांपासून दूर राहावं. कुणी म्हणेल, अमुक रक्कम दान करा, तमुक महिन्यात कर्ज फिटेल. पौलाचा सल्ला याच्या अगदी उलट आहे: ज्यानं त्यानं मनात ठरवलं असेल तेवढं द्यावं, कुरकुरत नव्हे, सक्तीनं नव्हे. कुणी म्हणेल, प्रार्थना झाली, आता गोळ्या बंद करा. मधुमेह, रक्तदाब, फिट्स, टीबी, मनाचा आजार, यांवरची एकही गोळी डॉक्टरला न विचारता थांबवू नये. ज्या लूकच्या नावावर तिसरं शुभवर्तमान आहे, तो स्वतः वैद्य होता असं पौलाच्या पत्रात आलंय. आणि नवरा मारतो, सासरचे छळतात, तर ‘क्षमा कर, सहन कर’ हा उपदेश बाईला करणारा माणूस शुभवर्तमान सांगत नसतो. तिनं आधी सुरक्षित जागी जावं. क्षमेचा विचार करायला पुढे वेळ मिळेल. रमाबाईंच्या मुक्ती सदनात समाजानं ‘पतित’ ठरवलेल्या बायकांसाठी कृपा सदन होतं, ते याच समजुतीतून.

मनाची अस्वस्थता आणि मनाचा आजार यांतला फरक ओळखता यायला हवा. दोन आठवड्यांहून जास्त दिवस झोप उडाली, अन्न जात नाही, कशातच रस नाही, जगून काय उपयोग असे विचार येतात, तर याला श्रद्धा कमी पडली असं म्हणू नये. हा उपचाराचा विषय आहे. सरकारच्या टेली-मानस सेवेचा 14416 हा क्रमांक रात्रंदिवस चालू असतो आणि फोनला पैसे पडत नाहीत. तिथे कन्नड किंवा मराठीतून बोलता येतं. जोयड्याहून धारवाडला जाता येतं, तिथे मानसिक आरोग्याची सरकारी संस्था, डिमहान्स, आहे. पाद्रींनी, सिस्टरांनी, प्रार्थना चालवणाऱ्यांनी हा क्रमांक चर्चच्या दारावर लावून ठेवला तर फार बरं होईल. ज्याला सोबत हवी त्याच्याबरोबर धारवाडच्या बसमध्ये बसणं हीदेखील मंडळीची सेवाच.

सुरुवात करताना हाताशी काय ठेवावं, असं विचारणाऱ्यांसाठी: बायबल सोसायटीचं मराठी बायबल सहज मिळतं. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं ‘सुबोध बायबल’ ज्यांना जुनी भाषा जड जाते त्यांच्यासाठी चांगलं. दिब्रिटो 2020 मध्ये उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते, ‘सुवार्ता’ मासिकाचे अनेक वर्षं संपादक होते आणि वसईची हिरवाई वाचवण्यासाठी रस्त्यावरही उतरले. 2024 च्या जुलैत ते गेले. आणि बायबलच्या शेजारी ‘स्मृतिचित्रे’ ठेवावं. धर्माचं पुस्तक म्हणून नव्हे, घरातलं म्हणून. आषाढात वाचायला घेतलं तर श्रावण लागेपर्यंत पुरतं, आणि घरातल्या ख्रिस्ती नसलेल्या माणसाच्या हातीही ते बिनधास्त देता येतं.